दारातली आया

१२ ऑगस्ट ७४, सोम.
तीच कादंबरी तिसऱ्यांदा. इंग्रज कुटुंब, तीन बहिणी, कोणाचं लग्न कुठे जमतंय याची शेवटपर्यंत काळजी. मला आवडते, हाच तर त्रास. मधेच थोरली हिंदुस्थानातून बाळ घेऊन माहेरी येते. सोबत एक आया. दिवाणखान्याच्या दारात उभी. एक वाक्य. नाव नाही. पुढच्या प्रकरणात गायब. तिथेच अडकून पडलेय. माझी आजी, बाबांची आई, कामठीच्या छावणीत साहेबाच्या बंगल्यावर आया होती.

१३, मंगळ.
सेमिनारचा पेपर सरांना दाखवला. त्यात एक पान त्या आयेवर आणि आजीवर. म्हणाले, "कादंबरी लग्नाची आहे. ही आया कुठून उकरून काढलीत? आणि स्वतःची आजी सेमिनारमध्ये आणायची नसते." ते पान काढा म्हणाले. कॉलेजातल्या नोकरीला शिफारस त्यांचीच लागणार. मान डोलावून आले. घरापर्यंत सायकल रागाने हाणली. राग जास्त स्वतःचाच.

१४, बुध.
वाटलं, बाबा तरी माझ्या बाजूने बोलतील. त्यांना ते पान मराठीत सांगितलं, तर उलटेच भडकले. "काहून उकरून राहिली वं? त्या बंगल्यामुळंच आपल्या घरात इंग्रजी आली. मडमेनं जाताना मायले कपबशी देली."
ती कपबशी बुद्धाच्या तसबिरीशेजारी असते. आई रोज पुसते. एरवी बाबा चहा बशीत ओतून फुरके मारतात. पण खास दिवशी तो कप निघतो, आणि मग बशीला हात न लावता, साहेबासारखा. माझ्या बी.ए.च्या निकालाला निघाला होता. दर पंधरा ऑगस्टलाही निघतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.
चिडून बोलले, "आजी त्यांचं पोर सांभाळायची तेव्हा तुम्ही कुठे होता?"
"मावशीपाशी."
मग जेवलेच नाहीत. नको होतं विचारायला. पान फाडून टाकावं, की...

१५, गुरु.
बाबा शाळेतलं झेंडावंदन करून आले. आईने नेहमीप्रमाणे साहेबाच्या कपात चहा दिला. माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं, "त्या पुस्तकातल्या आयेले लेकरू होतं का वं?"
"लिहिलेलं नाही, बाबा."
कप हातात धरून बराच वेळ बसले. चहा निवलाच असेल. मग सगळा बशीत ओतला आणि फुरका मारला. आई बघत राहिली. मला रडू येत होतं, उठून आत गेले.
सेमिनारमध्ये पेपर उद्या वाचायचा. पान अजून आत आहे, दोनदा काढलं, दोनदा ठेवलं. सर पहिल्या रांगेत बसतात.
आत्ता स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, आईला विचारत होते, "बाहेरच्या माणसाले बसू देतात का वं तिथं?"