सोप्या बाळंतपणाचा चिरूट

प्रिय आई,

पुरे झालं. 'तळ्यावरच्या सगळ्याच बाया चिरूट ओढतात, कुणाचं काय बिघडलं?' असं परवा फोनवर म्हणालीस आणि मी फोन ठेवून दिला. आता ऐक. मधे बोलता येणार नाही तुला.

माझं बाळ तौंजी शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत आहे. दिवस भरायच्या आधीच आलं. तुझा जावई चॉ ऊ एवढा धिप्पाड, पण त्याला स्वतःच्या मुलाला बोट लावायची भीती वाटते. श्वास घेताना बाळाच्या बरगड्या आत जातात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ओढायचीस का? मी चक्क कौतुकानं सांगितलं, हो, आईच्या हातचे, चिंच नि ताडगूळ घातलेले, बाळ लहान राहावं, बाळंतपण सोपं जावं म्हणून. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "धुरानं बाळाला रक्त पुरत नाही गं. ते लहान नाही राहिलं, उपाशी राहिलं."

मला उमासे यायचे तेव्हा पहिला चिरूट तूच पेटवून दिलास. मी नको म्हटलं, तर म्हणालीस, "कॉलेजात बाळंतपणपण शिकवतात वाटतं?" मावशी हसली. मीही हसले. मग तू माझ्यासाठी वेगळी जुडी बांधायला लागलीस, लाल दोऱ्याची, बारीक बारीक वळलेली. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून पानांच्या टोपलीत लपवायचीस. मला वाटायचं, केवढे हे लाड.

तीच मावशी काल पेटीपाशी रडली आणि बोलून गेली. माझ्या पाठचा भाऊ असाच एवढासा जन्मला आणि गेला, तेव्हा याच इस्पितळात तुला हेच सांगितलं होतं. आम्हाला मात्र तू सांगितलंस, तळ्यातल्या देवानं नेला. दरवर्षी त्या देवापुढे नारळ-केळी ठेवायला लावलीस. मी लहानपणी त्याची माफी मागायचे, आई. माझं काय चुकलं, तेही माहीत नव्हतं.

तुला माहीत होतं. मग मला का दिलास? रात्रभर हाच विचार केला. माझं बाळ धडधाकट निघालं असतं, तर भावाच्या वेळी तुझी काही चूक नव्हती असं ठरलं असतं. एवढ्यासाठीच ना? तू माझ्या पोटात तुझा निकाल लावत होतीस.

आज बाजाराचा दिवस, तू चिरूट विकायला गेली असशील, म्हणूनच आज तुझ्या घरी आले. थिरीनं मला फोनवर सांगितलं होतं, ताई, मलाही दिवस गेलेत, आईनं मलापण लाल दोऱ्याची जुडी दिलीय. किती खूश होती ती. धाकटी ना, तिला वाटायचं लाड फक्त माझेच होतात. तिला मी माझ्याकडे नेतेय. तिचे कपडे बांधून झालेत. ती रडतेय, पण येतेय. मागं येऊ नकोस. तिची जुडी या पत्रावरच ठेवलीय, कागद उडू नये म्हणून. होडीवाल्यानं इंजिन सुरू केलंय.

तुझीच होते,
सान्दा