‘वालाची शेंग’ कोण?

३ जानेवारी, शुक्र.

माझ्या ‘कुंपण’ चित्रकथेचा भाग ३८ नेटवर टाकला. साडेसहाला, नेहमीप्रमाणे विहिरीच्या कठड्याशी उभी राहून, कारण घरात नेट रांगतं. दोन कोंबड्या, मधे कुंपण, कुंपणावर बोका. एकमेकींशी अबोला, जे काय ते बोक्याला ऐकवायचं. या वेळी भांडण बादलीवरून. लोक हसतायत, बदाम टाकतायत.

मग एक टिप्पणी. नाव ‘वालाची शेंग’, फोटो नाही. “बादली निळी नव्हती. लाल होती.”

लालच होती. तुरे लाल, म्हणून मी निळी केली. पण याला कसं ठाऊक? की हिला?

५ जाने., रवि.

बादलीवरून झालं तेव्हा कोण कोण होतं? आई (सासूबाई) ओट्यावर. कुंपणापलीकडे त्यांची धाकटी जाऊ, आमच्या काकी. मी. आणि बोका. नवरा, नि., ट्रेलर घेऊन गुजरातेत. मी चित्रं काढते हे त्याला माहीत, कुठे टाकते ते नाही. नवरा झाला तरी आधी आईचा मुलगा.

दोघी अठरा वर्षं बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. “बोक्या, सांग तिला, नळाला पानी आयलाय.” “बोक्या, सांग, आमाना पन कान हायेत.” मी फक्त माणसांच्या कोंबड्या केल्या आणि समजले, आता कोण ओळखतंय. डोळे मिटून दूध प्यायचं.

आईंना मोबाइल वाचता येत नाही. म्हणजे येत नाही असं म्हणतात. काल मात्र माझ्या फोनवर किती वाजले ते लांबून सांगितलं.

८ जाने., बुध.

भाजीच्या टेम्पोपाशी प्राची भेटली. काकींची सून. म्हणाली, “वहिनी, हल्ली तुम्ही माणसांकडे लय बारीक बघता हां.” सहज बोलली की टोमणा? घरी येईपर्यंत तेच डोक्यात. चोराच्या मनात चांदणं. मेथी तिथेच विसरले.

१० जाने., शुक्र.

भा. ३९. सापळा लावला. मुद्दाम बोक्याच्या शेपटीचं टोक पांढरं केलं. तासाभरात शेंगेची टि.: “बोका सगळा काळा हाय.”

‘हाय’. म्हणजे लांबचा वाचक नाहीच. या आळीतलं माणूस.

१४ जाने., संक्रांत

काकींकडून तिळगुळाची वाटी कुंपणाच्या खांबावर आली. आमची त्याच खांबावरून गेली. तिळगूळ घ्या आणि बोलू नका. काकी माझ्याकडे बघून हसल्या. एरवीही हसतात. पण एवढा वेळ?

१६ जाने., गुरु.

उद्यासाठी विषय नाही. खरं म्हणजे आहे. तो काढायचा नाही असं ठरवलं होतं.

मागच्या महिन्यात आईंनी वाल सोलता सोलता अबोल्याचं कारण सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी शेतावर पोपटी लावली होती, शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायच्या. दोन मडकी. एकात वालाच्या शेंगा नि कोंबडी, दुसऱ्यात नुसत्या शेंगा, कारण आईंची संकष्टी. त्यांच्या मडक्याला ओळखीसाठी चुन्याचं बोट लावलेलं. चंद्र उगवल्यावर काकींनी सूपभर शेंगा दिल्या, “ह्या तुझ्या.” आई घरी आणून जेवल्या. शेवटच्या मुठीत हाड. अकराव्या दिवशी सासरे गेले, बसल्या जागी. “तिना जानून दिल्या,” आई म्हणाल्या. “हसत व्हती.” आणि मग, “ह्या मी निल्यालापन सांगितला न्हाय. तुझ्याजवल ऱ्हाऊ दे.”

माझ्याजवळ राहू दे.

पेन्सिलीने चौकटी तर आखल्या आहेत. आखल्या म्हणजे टाकायलाच हव्यात असं नाही.

१७ जाने., शुक्र.

टाकला भा. ४०. धाकटी कोंबडी सूप पुढे करून हसते ती चौकट आजवरची सगळ्यात चांगली. मलाच हसू आलं काढताना. आत्तापर्यंत कशाला आले नव्हते एवढे बदाम. कोणीतरी लिहिलंय, ‘असली खरी माणसं सुचतात कशी?’

जेवताना आईंनी माझ्या पानात माशाचा तुकडा वाढला, स्वतःच्या पानातला.

१८ जाने., शनि.

सकाळी शेंगेची टि.

“चुना मीच लावलेला. आगीत गेला तो. मडक्याच्या तळाला हाड दिसला तवा मी तिच्या मागे हाका मारत बांधापर्यंत धावले. ती वळली न्हाय. तिला विचारा.”

काकीच. टाइप प्राचीने केलं असेल, काकींना मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत नीट. पण बोलल्या त्याच. नऊ महिने मी त्यांना कुंपणाच्या फटीतून बघत होते आणि त्या मला बघत होत्या.

डिलीट करायला गेले. नाही केलं. ज्यांना कधी कोणी विचारलंच नाही, त्यांचं बोलणं मी पुसू?

पण खरं कोणाचं? आईंचं की काकींचं? गोष्ट चुकीची काढली असेल, तर मी नुसती चहाडखोर नाही, खोटारडीही आहे.

२० जाने., सोम.

माती खाल्ली.

आई शेगडीपाशी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, पोपटीच्या दिवशी काकींनी मागून हाक मारली होती का हो?”

पळी थांबली. “तुना कोनी सांगितला?”

“सहज आपलं.”

“हाकेचा मी तुना बोललोच न्हाय.”

नव्हत्याच बोलल्या. हाकेचं मला सांगणारं एकच माणूस असू शकतं, आणि ते कुंपणापलीकडे राहतं. मी कळशी उचलून विहिरीवर गेले.

२१ जाने., मंगळ.

सकाळी आई ओट्यावरून: “बोक्या, सांग तिला, च्या ठेवलाय.”

काकी घरात होत्या. कुंपणापाशी कोणी नव्हतं. चहा माझा होता.

रडले. तोंड धुऊन परत रडले. सासू म्हणून नाही, माझ्याशी मनातलं बोलणाऱ्या त्या एकट्याच आहेत म्हणून.

२२ जाने., बुध.

नि. आला. “काय झालंय तुम्हा दोघींना?” म्हणाला. मी म्हटलं, आईंना विचार. त्यांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही. मुळात सांगितलं तरी का? ओट्यावर कुजबुजत होते, मी आल्यावर थांबले. की मलाच तसं वाटलं?

२३ जाने., गुरु.

दुपारी टॅब घेऊन आईंसमोर बसले. म्हटलं, मला बोलायचं ते बोला, पण आधी हे बघा. भा. १ पासून.

चष्मा लावला त्यांनी. बोट फिरवायला एकदाच शिकवावं लागलं. (एकदाच कसं पुरलं?) दीड तास बघत होत्या. एका ठिकाणी, काकींची कोंबडी शिंकते तिथे, खुदकन हसल्या आणि लगेच तोंड बारीक केलं. भा. ४० आला. सूप. हसणारी कोंबडी. बराच वेळ तिथेच. मग खालची टि. मी वाचून दाखवली. वाचताना ओठ हलत होते त्यांचे, माझ्या पुढे एक शब्द.

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कळलं नाही.

टॅब पालथा घातला. अंगणाकडे बघत म्हणाल्या,

“हाक ऐकली व्हती मी.”

मी टॅब उचलून मांडीवर घेतला.

“मना वाटला, मडकी घासाया बोलावते. दिसभर राबलेलो. म्हनून वललो न्हाय.”

उठल्या, पदराने नाक पुसलं आणि वाल निवडायला गेल्या. मला हाक मारून म्हणाल्या, सूप आण. मधे बोका नव्हता.

आता सात वाजतायत. उद्या शुक्रवार. काकींची टि. अजून तशीच आहे, खाली उत्तर नाही. याचं चित्र काढू नको असं आई म्हणाल्या नाहीत. काढ असंही नाही. अठरा वर्षं न सांगितलेलं आजच का सांगितलं, आणि ते मला सांगितलं की माझ्या हाताला, हे त्यांच्या तोंडावरून कळायला मार्ग नाही. दोनदा जाऊन बघून आले. एकदा विचारायचं धाडस केलं, “आई, उद्या…”

“उद्याचा उद्या,” म्हणाल्या, वर न बघता.

चार चौकटी आखून ठेवल्या आहेत. पहिलीत बांध, आणि पाठमोरी मोठी कोंबडी. पुढच्या तीन कोऱ्या.