पंपाची घूं

३ मार्च
बाबांची गाडी परत बंद! किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून पंपाची घूं यायला हवी – आली नाही. टाकीत पेट्रोल आहे, स्टार्टर फिरतोय, पंपच गप्प. बाबा आले, बसले, किल्ली फिरवली – घूं! "हातगुण लागतो, पोरी." जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस, आता गॅरेज माझ्याकडे, तरी तोरा तोच! राग आला, आणि मायाही.

५ मार्च
फ्यूज ठीक. पंपाला करंट सोडणारा रिले काढून हॉर्नच्या रिलेच्या जागी लावला – हॉर्न ठणठणीत, म्हणजे रिलेही निर्दोष. पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला – लुकलुकसुद्धा नाही. पंप बिचारा उपाशी, करंट वाटेतच कुणीतरी खातंय!

दादाचा फोन. "गाडी भंगारात काढ. आणि बाबांना डॉक्टरकडे ने, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात." मी झापलं – बिघाड गाडीत आहे, बाबांत नाही. शोधून दाखवतेच!

६ मार्च
नाही सापडला. मी बसले की बंद, बाबा बसले की सुरू.

८ मार्च
सापडला. ड्रायव्हरच्या सीटखाली चोरस्विच! पंपाची वायर तोडून मध्ये बसवलेला, चोराला गाडी सुरूच करता येऊ नये म्हणून. टेपच्या टोकाला दोऱ्याची गाठ. ही गाठ मारणारा जगात एकच माणूस.

"बाबा, हा कधी बसवलात?"

"मी? छे! कुठल्या येड्याने वायर तोडली?"

बाबा थट्टा करत नव्हते. मग मी नुसती बघत राहिले. उतरताना त्यांचा हात सीटखाली गेला – टक. परत बसताना – टक. हाताला आठवतंय, त्यांना नाही.

दादाला कळवलं नाही.

१२ मार्च
आज हातही विसरला. किल्ली फिरवतायत, परत फिरवतायत, चेहरा पांढराफटक. "माझ्यात आता काही राम राहिला नाही गं." ते जेवायला गेल्यावर मी स्विचला वगळून वायर थेट जोडली. स्विच तिथेच ठेवला, वाजू दे टकटक.

१३ मार्च
सकाळी बाबा बसले. किल्ली – घूं! मी शेजारी. बाबा सीटखाली हात घालून थबकले. "चोरस्विच तर बंद आहे. तरी पंप चालतोय?" मग हसले, कौतुकाने माझ्याकडे वळले.

"माझ्या पोरीने वायर जोडली असणार. फार हुशार आहे ती. तुमची ओळख आहे का तिच्याशी?"