बाटलीतलं पांढरं पाणी

मेडशी
१२ फेब्रुवारी १९७६

प्रिय विमल,

जयभीम. मोठी नणंद म्हणून आजवर तुले हुकूमच सोडले, पत्र हे पहिलंच. तुझी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी. देवमनची जखम भरली, आता विहारापर्यंत चालत जाते. जेवताना कधी दोन ताटं घ्याले सांगते अन् मग एक आपणच उचलून ठेवते.

मुंबईचा तो दवाखाना डोळ्यासमोरून हलत नाही. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं अन् पाचव्या दिवशी छातीतल्या नळीतून बाटलीत पांढरं पाणी उतरू लागलं, हुबेहूब दूध. डॉक्टर म्हणाले, असं लाखात एखाद्याले होते; अन्नातली चरबी नेणारी बारीक नळी आत दुखावली, ती मिटेपर्यंत दूध, तूप, तेल बंद. तू किती पहारा दिला. मले मात्र तुझा रागच आला. वाटलं, ही कालची पोरगी माझ्या भावाले उपाशी मारून राह्यली.

पाणी कमी झालं होतं, अन् बाटली पुन्हा भरू लागली. छाती दुसऱ्यांदा उघडावी लागली. घरी आल्यावर माय मोहल्लाभर सांगत सुटली, सुनेनं चोरून तूप चारलं म्हणून. तू पोटतिडकीनं नाही म्हणत होती. मी तिथंच तांदूळ निवडत बसली होती, मान वर केली नाही. तुझा भाऊ तुले माहेरी मंगरूळपीरले घेऊन गेला तवाही नाही.

विमल, तूप म्या चारलं. तू नळावर कपडे धुवाले गेली की पदराखालची डबी काढून भातात कालवत होती, पाच दिवस. मले वाटलं, त्याच्या अंगातलं सत्त्वच वाहून चाललं, ते आपल्या हातानं भरून काढावं. एकदा त्यानं विचारलं, आक्का, भात तुपकट काहून लागते? म्या म्हटलं, विमलनं दिला. याची लाज मले सगळ्यात जास्त वाटते.

उद्या माय त्याले सोडचिठ्ठीचं बोलाले तुमच्याकडं धाडून राह्यली. त्याच्यासमोर तोंड उघडाले दोनदा बसली, जमलं नाही. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देऊन राह्यली, पाकीट न चिकटवता. बसमधी बसल्यावर आधी तू वाच, असं त्याले सांगणार आहे. तुझ्या हाती पडन तवा त्यानं वाचलेलं असन. मले माफ करू नको, पण त्याले दारातून परत धाडू नको.

तुझीच, तुझ्या नजरेले नजर न देणारी,
भागिरथा