नवल विहिरीत, आठ अंगठे कागदावर

म्हसावद, बुधवार
फाल्गुन, १९६१

श्रीयुत छगनराव, मुक्काम खांडबारा, यांस नरहर मास्तराचा सादर नमस्कार. तुमचे गुडघे, म्हैस आणि वहिनी (क्रम तुमच्याच मागच्या पत्रातला) आता ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. काल दुपारी पाच मिनिटे नव्हते, त्याचीच हकीकत कळवतो.

शांतीलालभाईंच्या केळीच्या मळ्यात नवे इंजिन आले. नळी विहिरीत सोडताना दोराची गाठ सुटली आणि पाणी ओढणारा टोकाचा फूटवॉल नळीसकट तळाला गेला. (गाठ कोणी बांधली हा प्रश्न तूर्त गौण आहे.) विहिरीत पाणी सोळा परस, म्हणजे सोळा माणसे एकावर एक उभी राहतील इतके; तिचा तळ आजवर फक्त हरवलेल्या वस्तूंनी पाहिला आहे. धुळ्याहून नवा फूटवॉल यायला महिना, आणि केळी आठ दिवसही थांबायला तयार नव्हती. तेव्हा सर्वांना नवल आठवला. मुंबईच्या गोदीत पंधरा वर्षे पाणबुड्याचे काम करून तो गावी आला, तेव्हा सोबत एक हातपंप, रबरी नळी आणि तांब्याचे भले थोरले शिरस्त्राण घेऊन आला होता. शिरस्त्राण सध्या दादर ज्वारीच्या कणगीवर झाकण म्हणून होते.

व्यवस्था साधी. वरच्यांनी पंपाचा दांडा मारत राहायचे, म्हणजे खालच्याला श्वास मिळतो. दोराला तीन हिसके आले की वर ओढायचे. नवलने एक गोष्ट बजावून सांगितली : फार खोल गेले की दारू न पिता हवेचीच नशा चढते; आपण एकाएकी फार शहाणे झालो असे माणसाला वाटू लागते, आणि तिथेच तो फसतो. हे ऐकून मी जबाबदारी या विषयावर चार शब्द बोललो. ज्याचा जीव त्याची जोखीम, आणि ती लेखी असलेली बरी. सर्वांना पटले (दांडा मारणारे गोवाल आणि भिला यांना विशेष पटले). मी विहिरीच्या काठावर मांडी घालून मसुदा सुरू केला : ‘सदर इसम स्वखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाचाही आग्रह नसता पाण्यात उतरत असून...’

“मास्तर, केळी सुकी ऱ्हायनी, तुम्ही कागद लिखी ऱ्हायनात!” असे शांतीलालभाई ओरडले, म्हणून नवलने अर्ध्या मसुद्यावरच सही ठोकली आणि तो उतरला. दोर माझ्या हाती होता. लिहायला हात मोकळा हवा म्हणून मी तो गुडघ्याखाली दाबला. मसुदा असा काही वठत गेला, छगनराव, की पाठशाळा सोडल्यापासून इतके निर्दोष गद्य माझ्या हातून उतरले नव्हते. मग साक्षीदार बोलावले. शाईची गादी फिरली. आणि पंपवाल्यांना निर्दोष ठरवणाऱ्या कागदावर पंपवाल्यांचेच अंगठे नसावेत, हे मला अपुरे वाटले. मी दोघांनाही हाक मारली. ते आले. गुडघ्याखाली दोर वळवळत होता. मी हिसके मोजले नाहीत. मी अंगठे मोजत होतो.

एवढ्यात शांतीलालभाईंच्या मातोश्री जसोदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पंपाकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. “ओ मास्तर, तो खाल शे ना?” म्हणाल्या, आणि किटली टाकून स्वतःच दांड्याला भिडल्या. मग आम्ही सर्वांनी दोर ओढला.

वर आला तेव्हा नवल निळा पडला होता. श्वास घेत राहिला, बराच वेळ. फूटवॉल त्याला सापडला होता. आम्ही ओढल्यावर तो हातातून सुटला. मी कागद मागे लपवला, पण त्याने पाहिलाच.

“तुमना कागदले आठ अंगठा लागनात, मास्तर,” तो म्हणाला, “मन्हा पंपले एक हात नही.”

खोल पाण्याच्या नशेविषयी त्याने सांगितले होते ते खरेच आहे. फक्त ती काठावर बसूनही चढते, एवढी भर मी घालू शकतो. असो. वहिनींस नमस्कार, म्हशीस चारा.

आपला,
नरहर

ता. क. नवल पुन्हा उतरायला तयार नाही. “आते आयतवारले तुम्ही उतरा. हवा मी देसू,” असे तो म्हणतो. पंप त्याच्या हाती असेल, त्यामुळे हवेची मला चिंता नाही. मी हो म्हटले आहे. घरी अद्याप सांगितलेले नाही.

ता. क. दुसरा. नळीच्या दोराची गाठ मी बांधली होती.

ता. क. तिसरा. पत्रभर तुम्ही म्हटले. आता भीती वाटते, म्हणून तू म्हणतो. छगन, शनिवारच्या गाडीने ये. लहानपणी गुरे तू बांधायचास, आणि तू बांधलेले जनावर सुटलेले मला आठवत नाही. माझ्या कमरेचा दोर तूच बांध, आणि तूच धर. कागद फाडला आहे.