उभ्या गाडीचं काम आधी

आई, आज परत तुझ्यावर चिडलो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला तूच सापडतेस. झालं असं की पोरीनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि रिमोटच्या गाडीला लागणारा वेगाचा कंट्रोलर घरपोच आला. काडेपेटीएवढा. खोकं आणणाऱ्यानं तो माझ्या हातात कोंबला आणि पुढच्या घरी गेलासुद्धा. मी दारातच उभा. बायको म्हणाली, अहो, आत तरी या. तिला काय सांगू? याच काडेपेटीसाठी नव्वदच्या सुमारास मी मिरज, कोल्हापूर, पुणं, मुंबई पालथी घातली होती, आणि शेवटी ती माझ्या हाताशी आली तेव्हा तू ती दुसऱ्याच्या पदरात घातलीस. हो, तूच. हे तुझ्या तोंडावर मी कधी नीट बोललो नाही, नुसता धुसफुसत राहिलो. आज बसलोच आहे तर सगळं लिहितो.

माधवनगरच्या रस्त्यावरचं आपलं सीट कव्हरचं दुकान. वडील गेल्यावर लोकांना वाटलं बाई आता दुकान विकणार, आणि तू दुसऱ्याच आठवड्यात मशीनवर जाऊन बसलीस. रेक्झिनचा वास, सोल्युशनचा वास, फोमच्या कातरणांचा पायाशी ढीग, आणि दारात कायम कुणाची तरी स्कूटर, कुणाचा तरी टेंपो. तुझा एकच नियम होता, उभ्या गाडीचं काम आधी. ज्याची सीट फाटून गाडी जाग्यावर उभी आहे त्याचं पहिलं, मग तो ओळखीचा असो नाहीतर पहिल्यांदा तोंड बघितलेला. ज्याची गाडी चालतीय तो थांबेल. यात घरचं काम कधी यायचंच नाही. माझ्या सायकलच्या सीटला मी दोन पावसाळे दुधाची पिशवी बांधून हिंडलो. तुला म्हटलं की तू म्हणायचीस, "तुजी चालतीय न्हवं? मग?" मला पाहिजे होतं ते एवढंच, की एकदा, आयुष्यात एकदाच, तुझ्या रांगेत मी पहिला असावा. पण असलं काही पोरवयात सांगता येत नाही, आणि मिशा फुटल्यावर तर नाहीच नाही.

माझी रिमोटची गाडी पॅन कार होती. पॅन कार म्हणजे काय हे तुला शेवटपर्यंत "पाटीची गाडी" एवढंच कळलं, आणि खरं सांगायचं तर तेवढंच आहे ते. एक सपाट पाटी, तिच्यावर बॅटरी, मोटर आणि चार चाकं, वर पातळ प्लास्टिकची बॉडी. जमिनीपासून बोटभरसुद्धा उंच नाही, त्यामुळं रस्त्यावर ती चालतच नाही, खडा आला की अडली. तिला गुळगुळीत फरशी लागते. म्हणून आम्ही पाच-सात खुळे, लग्नाची तारीख नसलेला रविवार बघून मंगल कार्यालयात जमायचो. माझी गाडी कोल्हापूरच्या एकानं मोडून टाकलेली, मी ती उचलून आणलेली. मी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन, तेव्हा सुटे भाग म्हणजे गिरणीत जे भंगारात निघेल ते. पाटी जुन्या पॅनेलमधल्या फायबरच्या शीटची, करवतीनं कापलेली. मागचा आस सूत कातायच्या तुटक्या चातीच्या सरळ तुकड्याचा. वळताना मागची चाकं कमीजास्त फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचे छर्रे सायकलच्या दुकानातले. दात्याचं चाक बिघडलेल्या झेरॉक्स मशीनमधलं, आणि त्याचं भोक मोठं करताना किती चाकं वाया घालवली ते मलाच माहीत. गल्लीतले म्हणायचे, घोड्याएवढा झाला आणि खेळण्यातल्या गाड्या उडवतोय. तू मात्र असं कधी म्हणाली नाहीस. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर नुसतं गाऱ्हाणं होईल.

टायरनं मात्र जीव नकोसा केला. या गाडीला हवेचे टायर नसतात, स्पंजचे असतात, आणि ते खोडरबरासारखे झिजतात. तुझ्या दुकानातला सीटचा फोम लावून बघितला, पहिल्याच वळणाला तो सुटून हातात आला. हवाई चपलेचा लावला, तर गाडी साबणावर ठेवल्यासारखी गरगर फिरली. मी वैतागून चाक फेकलं ते तुझ्या मशीनखाली गेलं. तू ते उचललंस, अंगठ्यानं दाबून बघितलंस आणि म्हणालीस, असलं न्हाई चालायचं, जीपच्या दाराला बशीवत्यात ते काळं स्पंज आण. कुपवाडहून मी ते आणलं आणि आपल्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. जुन्या मिक्सरच्या मोटरवर मी चाक चढवतो, तू पाटावर बसून त्याला पॉलिश पेपर धरतेस, आणि काळी भुकटी पिठाच्या डब्यावर, भाताच्या पातेल्यावर, तुझ्या भुवयांवर. तुझे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे. गंधपुऱ्याचं तेल चोळायचं आणि मगच कामाला बसायचं, असं तुझं असायचं. एकदा तोच तेलाचा हात टायरला लागला. रबर खराब केलंस म्हणून मी तुझ्यावर ओरडलो, आणि रविवारी त्याच टायरवर गाडी फरशीला चिकटून वळली. बाकीच्यांच्या घसरत होत्या आणि माझी अशी वळत होती की लोक वाकून वाकून चाकं बघत होते. घरी येऊन मी तुला बजावलं, आई, हे तेलाचं बाहेर बोलायचं नाही. तू मान हलवलीस. मी खुळा, मान हलवली म्हणजे कबूल असं धरून चाललो.

राहता राहिला कंट्रोलर. तो काही घरी करता येईना. माझ्या गाडीत जुगाड होतं, हीटरची तार आणि तिच्यावर सरकणारी तांब्याची पट्टी. ठिणग्या उडायच्या, जळका वास सुटायचा, आणि ऐन वळणावर गाडी एकतर थांबायची नाहीतर सुसाट भिंतीवर जायची. मुंबईत एका दुकानदारानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पंख्याचा रेग्युलेटर काढून समोर ठेवला. जतच्या आत्याचा दीर आखातात होता, त्याला चित्र काढून पाठवलं. तो सुट्टीला आला तेव्हा टीव्हीचा रिमोट घेऊन आला, वर म्हणाला, ब्याटरी घालूनच आणलाय. कुणावर चिडायचं? मग साताऱ्याच्या मंडळींनी शर्यत ठेवली आणि पहिल्या नंबराला बक्षीस म्हणून परदेशातून आणलेला कंट्रोलर लावला. नवा, सीलबंद. ते कळल्यापासून माझं जेवणात लक्ष लागेना. तू म्हणालीस, मी बी येती. मला बरं वाटलं. टायरचा एक जोड गाडीला, एक तुझ्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला, आणि सोबत तेलाची बाटली. एसटीत तू खिडकीशी बसलीस आणि मला वाटलं, आज ही फक्त माझ्यासाठी आलीय.

साताऱ्यात माझी गाडी अशी पळाली की मलाच खरं वाटेना. शेवटच्या शर्यतीत आम्ही दोघंच उरलो, मी आणि तिथला एक पेढेवाला. मोठं दुकान, मोठं पोट, भाऊ बोटीवर कामाला, त्यामुळं गाडीतलं सगळं परदेशी. खरं म्हणजे राग यावा असा माणूस, पण सारखा हसत असायचा म्हणून नीट रागही येईना. आणि त्या शेवटच्या शर्यतीच्या आधी त्याचं मागचं चाक फाटलं. स्पंजचा लचकाच निघाला. दुसरा जोड त्याच्याकडं नव्हता. मी बाहेर टेंपोच्या बॅटरीवर गाडी चार्ज करत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, सुटलो. आत आलो तर तू फरशीवर मांडी घालून बसलेली, पिशवीतला आपला जोड त्याच्या गाडीला चढवलेला, आणि तू बाटली दाखवून त्याला सांगतीयस की हे तेल लावा, जरा मुरू द्या, मग सोडा. तो मावशी मावशी करत मान डोलावतोय. मी विचारलं, काय करतीयास तू? तू वर बघितलंस, अगदी सरळ तोंडानं, आणि म्हणालीस, "आरं, त्येंची गाडी उभी हाय."

पुढं काय व्हायचं ते झालं. शेवटच्या वळणाला माझी तांब्याची पट्टी अडकली, गाडी भिंतीवर गेली, आणि तो तुझ्या टायरवर, तुझ्या तेलावर आरामात पुढं गेला. त्यानं कंट्रोलर घेतला आणि तुला पेढ्याचा पुडा दिला. येताना एसटीत तू पुडा मांडीवर धरून बसलेली. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो की माझी एवढी एकच गोष्ट होती, ती पण तू देऊन टाकलीस. तू म्हणालीस, "फाटक्या चाकाच्या मानसाला हरवून काय घावलं असतं तुला?" मी म्हणालो, "कंट्रोलर." पुढच्या सीटवरची बाई हसली. माझं उत्तर बरोबर होतं, आई, आणि ते आजही बरोबर आहे.

वर त्या पेढेवाल्यानं तुझं नाव सगळीकडं केलं. पुण्याचे, कोल्हापूरचे लोक टायर मागायला दुकानात यायला लागले. कुणाची शर्यत परवावर आलेली, कुणाचा जोड संपलेला, म्हणजे सगळ्यांच्याच गाड्या उभ्या. तू सीट शिवता शिवता त्यांचे टायर करून द्यायचीस, आणि माझी चाकं मात्र खिळ्याला बोडकी लटकलेली. घरचीच हायत, करू की, असं तुझं चाललेलं. चार-पाच रविवार मी शर्यतीला गेलो नाही तेव्हा तुझ्या लक्षात आलं. का रं जात न्हाईस, म्हणून विचारलंस. मी मुद्दाम म्हणालो, माझी गाडी उभी आहे. तुला लागलं ते. तू म्हणालीस, उद्या सकाळी पयलं तुजं. सकाळी दुकान उघडलं तर दारात टेंपो, सीट फाटून स्प्रिंगा वर आलेल्या, आणि ड्रायव्हरला तसाच विट्याला माल पोचवायचा होता. तू माझ्याकडं बघितलंस. मी डबा घेऊन गिरणीत निघून गेलो, आणि त्यानंतर मी पाटीच्या गाडीचं नाव काढलं नाही.

हे सगळं मी कधीच विसरलो असतो. खेळण्यातली गाडी ती, तिचा राग माणूस किती दिवस धरणार? पण मिरजेच्या दवाखान्यातली ती दुपार मध्ये येते. तुझ्या शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळकडची एक बाई होती. तिचा माणूस सकाळीच गावी गेलेला. डॉक्टर तिचं इंजेक्शन बाहेरून आणायला सांगून गेले आणि ती नुसती इकडंतिकडं बघत पडली. तुझा श्वास तेव्हा वरवर चाललेला. मी तुझा हात धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, आता तरी मध्ये कुणी नाही. ना दुकान, ना गिऱ्हाईक. तू डोळे उघडलेस. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी बोलणार. तू म्हणालीस, "त्या बाईचं आनून दे जा. तिचं हितं कोन न्हाई." मी म्हणालो, आणतो नंतर. तर तू माझ्या हातातून तुझा हात सोडवून घेतलास. तेवढ्यासाठी तुझ्यात कुठून जोर आला, देव जाणे.

मी गेलो. औषधाच्या दुकानात ही गर्दी, सगळ्यांनाच घाई. परत आलो तेव्हा तुझ्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नर्सनं आधी माझ्या हातातलं इंजेक्शन घेतलं, ते त्या बाईला दिलं आणि मग मला बाजूला घेतलं. तिचं काही चुकलं नाही, त्या बाईला घाईच होती. तुला आता कसलीच घाई नव्हती. पण तू मला पाठवलंस, आई. बसू द्यायचं होतंस. पाच मिनिटं बसू दिलं असतंस तर कुणाचं काय गेलं असतं, असं मी म्हणतो, आणि मग ती बाई आठवते आणि मला पुढं बोलताच येत नाही. याचाच मला जास्त राग येतो. तुझ्याशी भांडायला बसलं की मध्येच कुणीतरी खरोखरीचा गरजू येऊन उभा राहतो.

आता हा कागद मी शर्टाच्या खिशात घालीन आणि शर्ट धुवायला जाईल तेव्हा तो त्यासोबत जाईल. त्याआधी एक सांगायचं राहिलं. तुझा तांब्या आणि चादर तिथंच राहिली होती, ती आणायला मी आठवड्यानं दवाखान्यात गेलो. ती बाई उठून बसली होती. मला बघून तिनं खुणेनं जवळ बोलावलं. मी तिच्यावरही चिडलेलो होतो, नुसती चादर उचलून निघायचं ठरवलं होतं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात तुझा पाहिजे होता. पण मी मान खाली घातली, आणि तिनं आपणहून काढून घेईपर्यंत तशीच ठेवली.