बॉनेटचा उंचवटा

मंगळवार, संध्याकाळ

घरी बांधतोय त्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट मी हट्टानं उंच ठेवलं. पत्रेकाम करणारे रशीदभाई म्हणाले होते, "साहेब, दिसायला लई भारी, पण समोरचं दिसंना." मी ऐकलं नाय.

आज अंगणात पहिल्यांदा गाडी पुढं घेतली. रशीदभाई ओरडले, "रोको!" ब्रेक दाबून उतरलो. बंपरपासून वीतभरावर सुनंदा, माझी बायको, खाली बसून खिळे वेचत होती. माझ्या टायरला लागू नयेत म्हणून. ती मला दिसलीच नव्हती. कशी दिसली नाय?

उंचवटा लगेच कापायला सांगितला. सुनंदा म्हणाली, "अहो, इतका देखणा आकार, का मोडताय?"

"प्रमाण चुकलं," एवढंच म्हणालो. वीतभरावर असूनही ती मला दिसली नव्हती, हे सांगायची हिंमत झाली नाय.